शेड्यूल की स्केड्यूल? एकाच इंग्रजी शब्दाचे दोन उच्चार येतात कुठून?

ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणी 'स्केड्यूल' म्हटलं की शेजारचा हळूच 'शेड्यूल' म्हणून दुरुस्ती करतो. एखाद्या रीलमध्ये कुणी 'ऑफ्टन' म्हणालं तर खाली कमेंट्सचा पाऊस पडतो आणि 'आधी इंग्रजी शिकून ये' इथपर्यंत मजल जाते. पण हे शब्द इंग्रजीत आले कसे, हे पाहिलं तर चूक नक्की कोणाची, हे सांगणं अवघड होतं.

'शेड्यूल'च घ्या. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा उच्चार 'सेड्यूल'च्या जवळचा होता. म्हणजे मूळ उच्चाराचाच आग्रह धरायचा तर आज भांडणारे दोन्ही पक्ष चुकीचे! पुढे जुन्या लॅटिन रूपाकडे बघून स्पेलिंगमध्ये 'एससीएच' ही अक्षरं आली. ब्रिटनमध्ये त्याचा 'श' झाला. अमेरिकेत कोशकार नोआ वेब्स्टर यांनी ग्रीक मुळाचा आधार घेऊन 'स्कूल'सारखा 'स्क' सुचवला आणि तिथे तोच रुजला. आता ब्रिटनमधल्या तरुणांच्या तोंडीही 'स्केड्यूल' सर्रास ऐकू येतं.

'ऑफन'ची गोष्ट याहून मजेदार आहे. या शब्दात 'ट' पूर्वी खरोखरच उच्चारला जायचा. बोलण्याच्या ओघात तो गळाला, जसा 'लिसन' आणि 'सॉफन'मधूनही गळाला. स्पेलिंगमध्ये मात्र 'टी' तसाच राहिला. एकोणिसाव्या शतकात शाळा आणि छापील पुस्तकं घराघरांत पोचली, लोक शब्द आधी डोळ्यांनी वाचू लागले आणि 'ऑफ्टन'मधला 'ट' परत आला. भाषाशास्त्रात याला स्पेलिंगवरून आलेला उच्चार म्हणतात. आजचे मोठे शब्दकोश 'ऑफन' आणि 'ऑफ्टन' दोन्ही देतात.

न बोललेली अक्षरं आली कुठून?

विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू स्थिर होत गेलं, उच्चार मात्र बदलतच राहिले. 'नाइट' आणि 'नाइफ' या शब्दांच्या सुरुवातीचा 'के' त्या काळी बोलला जायचा. आज तो फक्त लिहिण्यापुरता उरला आहे.

त्यात विद्वानांनी आणखी भर घातली. 'डेट' म्हणजे कर्ज, हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता. लॅटिनमधल्या 'डेबिटम'शी नातं दिसावं म्हणून तो नंतर घुसवला गेला, पण कुणी उच्चारला नाही. म्युच्युअल फंडाच्या जाहिराती वाचून कुणी 'डेब्ट फंड' म्हणत असेल तर दोष त्या विद्वानांकडेही जातो. 'फॉल्ट'मधला 'एल'ही असाच लॅटिनच्या प्रेमापोटी आलेला. तो मात्र आता सगळेच उच्चारतात आणि कुणालाच खटकत नाही.

अमेरिकन लोक 'हर्ब'ला 'अर्ब' म्हणतात तेव्हा आपल्याला ती त्यांची मोडतोड वाटते. खरं तर जुना उच्चार तोच आहे. 'ह' बोलायची पद्धत ब्रिटनमध्ये नंतर, एकोणिसाव्या शतकात रूढ झाली.

'ॲल्युमिनियम'चा गोंधळ तर शास्त्रज्ञांनीच घातला. हम्फ्री डेव्ही यांनी १८०८ मध्ये 'अल्युमियम' हे नाव सुचवलं आणि १८१२ मध्ये ते 'अल्युमिनम' केलं. इतरांना सोडियम, पोटॅशियमच्या पंगतीत शोभेल असं 'अल्युमिनियम' बरं वाटलं. अमेरिका 'अल्युमिनम'वर थांबली, बाकीचं बहुतेक जग 'अल्युमिनियम'वर.

मग आपले उच्चार चुकीचे का?

महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांना इंग्रजी शब्द आधी पुस्तकात भेटतो, कानावर नंतर पडतो. स्पेलिंग पाठ करताना 'वेड-नेस-डे' असं तोडून घोकलेलं असतं, त्यामुळे 'वेन्झडे' ऐकल्यावर तो बुधवारच आहे हे कळायला क्षणभर लागतो. हा अडाणीपणा नाही. 'ऑफ्टन' म्हणणाऱ्या इंग्रजांनी जे केलं, तेच ही मुलं करतात. देवनागरीत जसं लिहिलं तसं वाचायची सवय लागलेल्यांच्या बाबतीत तर हे साहजिकच आहे.

शिवाय मराठीने स्वतःच्याही वाटा काढल्या आहेत. ब्रिटनमध्ये 'टमाटो', अमेरिकेत 'टमेटो' आणि आपल्याकडे 'टोमॅटो', म्हणजे दोघांपेक्षा वेगळा. 'बँक', 'कॉफी' लिहिण्यासाठी आपण ॲ आणि ऑ वापरतो आणि 'व्हिडिओ'तला ध्वनी दाखवायला 'व्ह'.

अर्थात, काहीही बोललेलं चालतं असंही नाही. 'स्नॅक्स'ला 'स्नेक्स' म्हटलं तर पाहुण्यांपुढे साप ठेवल्यासारखं होईल. अर्थ बदलत असेल तिथे उच्चार सुधारायलाच हवा. 'शेड्यूल' आणि 'स्केड्यूल'मध्ये अर्थ तसूभरही बदलत नाही. मुलाखत किंवा परीक्षा असेल तर दोन्हींपैकी एक पद्धत निवडून शेवटपर्यंत तीच ठेवलेली बरी. शंका आली तर ऑनलाइन शब्दकोशात ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चारांसाठी स्पीकरची वेगवेगळी चिन्हं असतात, ती दाबून ऐकता येतं.

सोशल मीडियावरचा सर्वात लाडका वाद मात्र इतका जुना नाही. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांनी चित्रांचा जो फॉरमॅट तयार केला, त्याला 'जिफ' म्हणायचं की 'गिफ'? २०१३ मध्ये वेबी पुरस्कार स्वीकारताना विल्हाइट यांनी पडद्यावर लिहून दाखवलं की उच्चार 'जिफ' आहे. तरी 'ग्राफिक्स'मधल्या 'ग'कडे बोट दाखवून असंख्य लोक 'गिफ'च म्हणत राहिले. शब्दकोशांत आज दोन्ही उच्चार सापडतात.