४४,१०० हा आकडा आला कुठून?

जुन्या कॅसेटी आणि स्पूल संगणकावर उतरवून देणं हा माझा धंदा. कीर्तनं, नाट्यपदांच्या मैफली, कुणाच्या आजोबांनी सांगितलेल्या गावाच्या हकिगती, असं काय काय येत असतं. डेकचं हेड स्पिरिटने पुसायचं, टेप एकदा पुढे-मागे फिरवून मोकळी करायची आणि संगणकावर ४४,१०० हर्ट्झ निवडून रेकॉर्डिंग सुरू करायचं. रोज डोळ्यांपुढे असणाऱ्या या आकड्याचा इतिहास मला फार आवडतो.

आवाजाची सलग लाट संगणकाला जशीच्या तशी ठेवता येत नाही. तो ठरावीक वेळाने तिची उंची मोजतो आणि आकडे लिहितो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि नायक्विस्ट-शॅननचं गणित सांगतं, मोजणी याच्या दुपटीहून जास्त हवी. म्हणजे ४०,००० च्या थोडं वर. पण वरचे ४,१०० कुठले?

ते आले व्हिडिओ टेपमधून. १९७० च्या दशकात इतके आकडे सलग मावतील अशा डिस्क स्टुडिओंच्या आवाक्यात नव्हत्या, व्हिडिओ रेकॉर्डर मात्र होते. मग आवाजाचे आकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या चित्रात बदलून व्हिडिओ कॅसेटवर उतरवले जाऊ लागले. चित्राच्या एका ओळीत प्रत्येक चॅनेलची ३ मोजमापं बसत. जपान-अमेरिकेच्या पद्धतीत कामाच्या २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा. युरोपात २९४ ओळी, ५० वेळा. गुणाकार करून बघा, दोन्हीकडे ४४,१०० च येतात! १९८२ मध्ये सीडी बाजारात आली ती हाच आकडा घेऊन.

प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. दोन चॅनेल धरले की सेकंदाला १४,११,२०० बिट, मिनिटाला सुमारे १० एमबी. टेलिफोनच्या तारेवरून हे पाठवणं अवघडच. त्यावर जर्मनीत एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी तोडगा काढला: मोठ्या आवाजाखाली दबलेले जे बारीक आवाज कानाला कळत नाहीत, ते टाकून द्यायचे. सुझान व्हेगाचं वाद्यांविना गायलेलं ‘टॉम्स डायनर’ ते पुन्हा पुन्हा ऐकून बघत, कारण उघड्या गळ्यात खोट लपत नाही. १९९५ मध्ये या फाइलींना एमपी३ हे नाव मिळालं.

विलक्षण काम आहे ते. पण टाकलेलं परत येत नाही. फार दाबलेल्या फाइलीत कीर्तनातली झांज ऐका: तिचा नाद विरत जायच्या ऐवजी पाण्यात बुडबुडल्यासारखा होतो. तानपुऱ्याची जवारीही अशीच पुसट होते.

म्हणून सांगणं एवढंच की घरातली कॅसेट उतरवून घेताना आधी काहीही न टाकलेली वेव्ह फाइल मागा आणि ती दोन ठिकाणी ठेवा. एमपी३ तिच्यावरून केव्हाही करता येते. आणि हे यंदाच करा. टेपवरची चुंबकीय भुकटी दरवर्षी थोडी थोडी सुटत असते.