पेशीत दडलेला जंतू आणि वर्धा नदीकाठचा इतिहास : एक थ्रेड

१/ यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वर्धा नदी वाहते. नदीपलीकडे दत्तपूर आणि वरोरा, उत्तरेला अमरावती. १९३६ ते १९५१ या काळात या तीन ठिकाणी कुष्ठरुग्णांच्या वसाहती उभ्या राहिल्या : मनोहर दिवाण यांचे दत्तपूर, शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन आणि बाबा आमटे यांचे आनंदवन.

२/ त्या काळी झडलेली बोटे ही पूर्वजन्मीच्या पापाची खूण मानली जाई. १८९८ च्या कायद्याने तर निराधार रुग्णाला अटक करून कुष्ठालयात डांबण्याची मुभा दिली होती.

३/ रोगाचे खरे कारण १८७३ मध्येच नॉर्वेतील हॅन्सन यांना सापडले होते. पण हा जंतू प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमात आजवर वाढवता आलेला नाही. त्याला जिवंत पेशीच लागते.

४/ असे का, हे २००१ मध्ये त्याचा जनुकसंच वाचल्यावर उमगले. सुमारे १,६०० जनुके कार्यरत, तर १,१०० हून अधिक निकामी! परक्या घरी जेवता जेवता तो स्वतःची चूल मांडणेच विसरला.

५/ त्याचे आवडते घर म्हणजे मज्जातंतूंना वेढणाऱ्या श्वॉन पेशी. जंतूच्या आवरणातील एक विशिष्ट मेद या पेशींभोवतीच्या लॅमिनिन या प्रथिनाला चिकटतो आणि आत शिरण्याची वाट मोकळी होते.

६/ २०१३ मध्ये अनुरा रामबुक्कना आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या पेशींवर दाखवले की, आत शिरलेला जंतू पेशीची ओळखच पुसतो. प्रौढ श्वॉन पेशी मूलपेशीसारखी होते, जागा सोडते आणि जंतूला इतर ऊतींपर्यंत पोहोचवते.

७/ इकडे मज्जातंतू निकामी होतो, संवेदना जाते. चुलीवरच्या भांड्याचा चटका कळत नाही, शेतात रुतलेला काटा जाणवत नाही. दुर्लक्षित जखम चिघळते, हाड झिजते. बोटे जंतू खात नाही. वेदनेचा पहारा उठल्यामुळे ती जातात.

८/ बाबा आमटे यांनी कलकत्त्यात शिकताना हे जंतू स्वतःला टोचून घेतले होते. रोग झाला नाही. बहुसंख्य माणसांत त्याविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते, हे आज आपण जाणतो.

९/ १९८० च्या दशकात बहुऔषधी उपचार आले आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. १८९८ चा कायदा मात्र २०१६ मध्ये कायमचा रद्द झाला. जंतूवर औषध आधी सापडले. कायद्याच्या पुस्तकातून भीती पुसायला आणखी तीन दशके लागली.