खाजनाचा बांध आणि खाडीचा वाटा

फोंड्याजवळच्या बांदिवड्याला एक ताम्रपट सापडला होता. मौर्य राजा अनिर्जितवर्मन याचा, साधारण सहाव्या शतकातला. त्यात एका ब्राह्मणाला खाजनाची जमीन दान दिली आहे आणि खारं पाणी अडवणारा बांध घालून ती लागवडीला आणायची, हेही नोंदलं आहे. ओली, खारी, कोणाच्या उपयोगाची नसलेली जमीन एका माणसाच्या हाती देऊन ती सुधारायला लावण्याचा इतका जुना कागद गोव्यात दुसरा माझ्या पाहण्यात नाही.

मी आयुष्यभर जमिनी मोजल्या. साखळी आणि फळी घेऊन तिसवाडीतली, बार्देशातली खाजनं पायाखाली घातली. त्या कामात एक गोष्ट मनात पक्की होत गेली. खाडीची जमीन माणसाने चौदाशे वर्षं घेतली, तरी आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत खाडी मेली नव्हती. आम्ही मात्र पन्नास वर्षांत तिला श्वास घेणं अवघड करून ठेवलं. हा फरक कशाने पडला, तेच इथे सांगायचं आहे.

मांडवी आणि झुआरी या नद्यांत भरतीचं पाणी कित्येक मैल आत चढतं. नदीकाठच्या ज्या सखल जमिनी भरतीला बुडाल्या असत्या, त्या बांध घालून राखल्या, त्यांना खाजन म्हणतात. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर. शेताची पातळी भरतीच्या पाण्याखाली, आणि मध्ये फक्त चिखलाचा बांध. तुमचा तुकडा कितीही चांगला राखलेला असो, दोन मैलांवर कोणाच्या तरी हद्दीत बांधाला भगदाड पडलं की तुमचंही भात गेलं. खारं पाणी एकदा चढलं तर पुढची काही वर्षं पीक धड येत नाही.

बांध बघायचा तर ओहोटीला बघावा. गाभा चिखलाचा. तो ओहोटीच्या वेळी खाडीच्या तळातून कापून काढायचा, ढेकळं हातोहात पुढे द्यायची, मध्ये पेंढा घालून पायांनी तुडवायची. पाण्याच्या बाजूला जांभ्या दगडाची अस्तरी. बांधाचा खरा वैरी लाट नव्हे, कुर्ली. तिचं बीळ आरपार गेलं की पहिल्या भरतीला बोटाएवढी धार लागते आणि उधाणाच्या रात्री तिथेच बांध फुटतो. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास बांधावरून फेरी मारायची आणि भोक दिसलं की तिथल्या तिथे चिखल ठोसायचा. बांधाबाहेरची कांदळाची झाडं तोडायची नाहीत, कारण लाटेचा पहिला मार तीच खातात. जुन्या लोकांना पर्यावरण हा शब्द ठाऊक नव्हता. पण बांध उघडा पडला तर काय होतं, ते त्यांनी भोगलेलं होतं.

त्या बांधात मानस. दगडी बांधणीच्या तोंडाला लाकडी दारं बसवतात, ती फक्त खाडीच्या बाजूला उघडतात. भरती आली की खाडीचंच पाणी दार दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं आणि व्हाळांचं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. पहाऱ्याला माणूस नसला तरी दिवसातून दोनदा हे आपोआप चालतं. मानशीच्या आतल्या बाजूला जमीन मुद्दाम खोल ठेवलेली असते, ती पोंय. डोंगरावरून उतरणारे व्हाळ शेतांमधल्या चरांतून शेवटी पोंयीत येतात. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली, मानस बंद राहिली, तर ते सगळं पाणी तास-दोन तास पोंय पोटात घेते आणि शेत वाचतं.

मला या रचनेत सर्वांत मोलाची वाटते ती पोंय. इतक्या कष्टाने मिळवलेल्या जमिनीतला एक भाग तिथे भात न लावता पाण्याला सोडलेला असे. जिथे एकेका वाफ्यावरून भांडणं व्हायची, तिथे हे कसं टिकलं? एक कारण, पोंय बुजवली तर वरच्या सगळ्यांची शेतं बुडणार हे प्रत्येकाला दिसत होतं. दुसरं कारण रोख पैशाचं होतं.

चोडणला माझ्या मामाने एका वर्षी मानस पावणीत घेतली होती. गावकरी, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी गावसंस्था, दरवर्षी मासेमारीच्या हक्काची पावणी करी. जास्त बोली करणाऱ्याला त्या वर्षापुरतं मानशीवर जाळं लावता येई. भात कापून झालं की भरतीचं पाणी मापाने आत घेत आणि रात्री ओहोटीला मानशीच्या तोंडाला लांब पिशवीसारखं जाळं बांधत. मी लहान होतो, कंदील धरून उभा असे. जाळं वर ओढलं की त्यात सुंगटं, शेवटे, काळुंदर, क्वचित एखादी मोठी चणक. पण पावणी घेणाऱ्याला अट असे. भात उभं असताना खारं पाणी आत घ्यायचं नाही. शेतात खारं गेलं तर त्याची जबाबदारी मानस घेणाऱ्याची. मामा पाऊस सुरू झाल्यावर जाळं टांगून ठेवी आणि घरात कोणी सुंगटांची आठवण काढली तर रागवे. पावणीचा पैसा गावकरीच्या पेटीत जाई आणि त्यातून बांधाचा चिखल निघे. म्हणजे पोंय जिवंत राहिली तर मासळी, मासळी राहिली तर पैसा, आणि पैसा असला तर बांध.

शेतात भात असे कोरगुट. जूनच्या पहिल्या पावसांनी मातीतला खार धुतला की ते पेरायचं. उंच वाढतं, खार सोसतं, चार दिवस पाण्यात उभं राहिलं तरी कुजत नाही. उत्पन्न थोडं, पण खताचा खर्चही नसे.

ही गावकरी पोर्तुगीजांच्या आधीची. १५२६ साली अफोंसो मेशियाने तिसवाडीतल्या गावांचे रिवाज लिहून काढले, त्या दस्तऐवजाला फोराल म्हणतात. राज्यकर्त्यांना महसूल हवा होता आणि तो गोळा करणाऱ्या गावसंस्था मोडायच्या नव्हत्या, म्हणून रिवाज कागदावर आले. पुढे १९०४ ला आणि मग १९६१ ला कोमुनिदादींची, म्हणजे याच गावकऱ्यांची, संहिता झाली. गावकरीचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही. हिस्सा मिळे तो गावकर घराण्यांतल्या पुरुषांना. खाडीच्या तळातून चिखल काढणारे हात बहुतेक त्यांचे नसत आणि त्या हातांना सभेत बसायला जागा नव्हती. हा अन्याय होता, तो मोडायलाच हवा होता.

मोडताना त्याच्याबरोबर बांधही मोडला, हे मला आजही लागतं. गोवामुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला. पुढे १९७६ च्या दुरुस्तीने कूळ जमिनीचं मालक झालं. कसणाऱ्याला जमीन मिळाली, ती मिळायलाच हवी होती. पण बांध, मानस, पोंय हे कोणा एकाच्या नावावर कसं यावं? १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संघटना काढून बांधाची सामाईक जबाबदारी त्यांच्यावर टाकली. काही गावांत संघटना नीट चालल्या. पुष्कळ ठिकाणी पावणीचा पैसा मोठा झाला आणि भाताचा लहान. मग मानस घेणारा मालक झाला आणि शेतकरी आश्रित. भात उभं असताना मानस उघडायची, खारं पाणी चढू द्यायचं, शेत पडीक झालं की तेच मत्स्यतळं. मी स्वतः अशा खाजनांत मोजणीला गेलो आहे जिथे नकाशात भातशेत, आणि समोर छातीभर पाणी. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने किनारी पट्ट्यातल्या आधुनिक कोळंबीशेतीवर बंदी घातली, पारंपरिक पद्धत वगळून. तोवर बऱ्याच जमिनींचं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

रायगडच्या खारेपाटातल्या माझ्या व्यवसायबंधूंशी बोललो तर कथा वेगळी नाही. तिथे बांध सावकार-खोतांच्या हाती होते, १९३३ पासून चरीच्या शेतकऱ्यांनी सहा वर्षं संप केला, मग १९४८ चा खार जमिनींचा कायदा झाला. तिथली उघाडी म्हणजे आमची मानस.

आताची सुधारणा लाल मातीची आहे. डोंगर कापायचा, तोच ट्रकांनी खाजनात ओतायचा, वर प्लॉट. १९९१ ला किनारी नियमावली आली, आणि २०११ च्या नियमावलीत गोव्याच्या खाजनांचं वेगळं नाव घेऊन तिथे विकासकामं नकोत असं म्हटलं. कूळ म्हणून मिळालेली शेतजमीन शेतीखेरीज वापरू नये असा १९९१ चा राज्याचा कायदाही आहे. तरी भराव पडतो. तो बहुधा एका रात्रीत मोठा पडत नाही. पहिल्या वर्षी कुंपणापुरती माती येते, पुढच्या वर्षी रस्त्यापुरती, आणि मध्ये व्हाळाला एक सिमेंटचा पाइप घालून वाट करून दिल्याचं सांगितलं जातं. पाइपाचं तोंड पहिल्याच पावसात पाल्याने भरतं. वरच्या वाड्यातल्या माणसाच्या घरात पाणी शिरतं, तेव्हा तो पंचायतीत जातो आणि त्याला सांगतात की ही जमीन खासगी आहे.

खासगी तर बांदिवड्याच्या त्या ताम्रपटातलीही होती. पण तिचा बांध शेजाऱ्याच्या बांधाला जोडल्याशिवाय उभा राहू शकत नव्हता आणि तिचं पाणी सगळ्यांच्या पोंयीतूनच बाहेर जात होतं.

अजूनही लोक माझ्याकडे जुने नकाशे घेऊन येतात, भराव घालण्याआधी हद्द पक्की करून द्या म्हणतात. मी त्यांना पौर्णिमेच्या उधाणाला जागेवर यायला सांगतो, भर जुलैत. कोमुनिदादीच्या जुन्या नकाशावर व्हाळाची रेघ कुठून जाते ती दाखवतो, आणि त्या रेघेवर उभं राहून पाणी कुठे चढतं ते बघू म्हणतो. दोघेतिघे आले. एकाने व्हाळाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडून कुंपण मागे घेतलं आणि उरलेल्या तुकड्यात पुन्हा कोरगुट पेरलं, बियाणं दिवाडीहून आणून. बाकीचे दुसऱ्या मोजणीदाराकडे गेले.