विणीचा हंगाम नसताना माशांची अंडी कशी मिळवतात?

जून-जुलैमध्ये समुद्रातली मासेमारी बंद असते. मानखुर्दच्या बाजारात पापलेट, सुरमई महागतात आणि बरेच जण रोहू-कटल्याकडे वळतात. पावसाळा हा अनेक माशांचा विणीचा काळ, म्हणून ही बंदी. पण मत्स्यशेतीत हंगाम नसतानाही अंडी मिळवता येतात. याचं सगळ्यात महागडं उदाहरण म्हणजे स्टर्जन.

स्टर्जनच्या खारवलेल्या गाभोळीला कॅव्हिअर म्हणतात. बेलुगा जातीच्या मादीला नैसर्गिक पाण्यात वयात यायला पंधराएक वर्षं लागतात आणि पुढेही ती दरवर्षी अंडी घालत नाही. बेसुमार मासेमारी आणि नद्यांवरची धरणं यामुळे स्टर्जन धोक्यात आला. १९९८ पासून त्याच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आहे. त्यामुळे शेतीतल्या माशांची पिल्लं मिळणं महत्त्वाचं ठरतं.

मग हंगाम बदलतात कसा?

माशाला महिना कळत नाही, पाण्याचं तापमान आणि दिवसाची लांबी कळते. म्हणून तयार होत आलेल्या माद्या काही आठवडे ते काही महिने थंड पाण्यात ठेवतात. हा झाला नकली हिवाळा. मग पाणी हळूहळू कोमट करतात, म्हणजे नकली वसंत. माद्यांच्या तुकड्या करून एकेक तुकडी थंडीतून बाहेर काढली, की वर्षात वेगवेगळ्या वेळी पिल्लं मिळतात.

शेवटचा इशारा संप्रेरकाच्या इंजेक्शनचा. तो मिळाला की तापमानानुसार साधारण एक-दोन दिवसांत अंडी सुटतात. ती काढून नराच्या वीर्यात मिसळतात. ही अंडी चिकट असतात. गोळा होऊन सडू नयेत म्हणून ती बारीक मातीच्या पाण्यात धुतात.

पण इंजेक्शन दिलं की झालं, असं नाही. अंडी पिकलेली नसतील तर ते वाया जातं. म्हणून आधी थोडी अंडी काढून तपासतात. फार उशीर झाला तर मादीच्या पोटातच अंडी जिरतात आणि पुढच्या खेपेसाठी पुन्हा थांबावं लागतं.

आपल्या रोहूचा काय संबंध?

पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून स्टर्जनची वीण करण्याचं काम सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय गेर्बिल्स्की यांनी १९३० च्या दशकात केलं. भारतात १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी याच तत्त्वावर कार्प माशांची वीण यशस्वी केली. तोवर मत्स्यबीज पुराच्या नदीतून गोळा करावं लागे आणि त्यात नको त्या जातीही येत. म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन.

महाराष्ट्रात हंगामाआधी मिळणाऱ्या बीजाला मोल आहे. इथले अनेक तलाव पावसात भरतात आणि उन्हाळ्यात आटतात. बीज महिनाभर आधी मिळालं, तर तलाव भरताना बोटभर पिल्लं सोडता येतात आणि पाणी आटण्याआधी मासा विकण्याजोगा होतो.