‘पाद्री’ : एका उपाधीचे कूळ

‘पाद्री’ हा शब्द ऐकताच संस्कृतज्ञास ‘पूज्यपाद’, ‘आचार्यपाद’ यांतील ‘पाद’ आठवणे स्वाभाविक आहे. परंतु हे ध्वनिसाम्य फसवे होय. पाद्र्याचा संबंध पायाशी नसून पित्याशी आहे.

लॅटिन भाषेत ‘पातेर’ म्हणजे पिता. त्यापासून पोर्तुगीज ‘पाद्रे’ सिद्ध झाला. संस्कृत ‘पितृ’, लॅटिन ‘पातेर’ आणि इंग्रजी ‘फादर’ हे तिन्ही एकाच प्राचीन मूळ शब्दाचे वंशज मानले जातात. म्हणजे आपला ‘पिता’ आणि हा ‘पाद्री’ दूरचे भाऊबंदच ठरतात.

१५१० साली पोर्तुगीजांनी गोवा जिंकला, १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली. ‘पाव’, ‘चावी’, ‘बादली’, ‘पगार’ हे शब्द त्यांच्याकडूनच आपल्या घरात आले. ‘पाद्री’ही त्याच वाटेने आला. १५७९ मध्ये गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. पण त्यांनी मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि त्यात मराठीचा गौरव केला. हा ग्रंथ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापला गेला.

पुढे प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनाही लोक पाद्रीच म्हणू लागले. त्यांच्या मंडळ्यांत मात्र ‘रेव्हरंड’ ही उपाधी रूढ झाली. तिचे मूळ लॅटिन असून अर्थ ‘आदरणीय’ असा आहे. कवी ना. वा. टिळक रेव्हरंड टिळक म्हणून ओळखले जातात, ते याच उपाधीमुळे. ‘पास्टर’ या लॅटिन शब्दाचा अर्थ मेंढपाळ. त्याला मराठी ख्रिस्ती समाजाने ‘पाळक’ हा सुंदर पर्याय दिला. येथे शब्द उसना न घेता अर्थ घेतला.

आज ‘पाद्री’ शब्द उच्चारताना काहींच्या स्वरात परकेपणाची, क्वचित उपहासाची छटा असते. ती इतिहासाला धरून नाही. ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ मध्ये लिहिणारे बाबा पद्मनजी आपल्या बेळगावचे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. या मंडळींनी मराठीला परके मानले नाही.

सीमेवर मराठीचा हक्क मागताना आपण तिची व्याप्ती सांगतो. मग त्या व्याप्तीत ‘पुरोहित’ आणि ‘मौलवी’ यांच्यासह ‘पाद्री’लाही सन्मानाने स्थान द्यायला हवे. तो शब्द चारशेहून अधिक वर्षे याच मातीत वावरला आहे.