डाळ पातळ झाली की वाट्या वाढतात: पानं, अळ्या आणि कार्बन डायऑक्साइड

आजची गोष्ट एका अळीपासून सुरू होते.

1958 मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाईच्या मौना लोआवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा आकडा होता साधारण 315 पीपीएम. तो दरवर्षी वाढत गेला आणि अनेकांना वाटलं, चला, झाडांना तर फायदाच! त्यांचा कच्चा मालच वाढतोय.

पण पान खाणाऱ्याचं काय? 1984 मध्ये लिंकन, सायोनिट आणि स्ट्रेन या तिघांनी जास्त कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवलेली सोयाबीनची पानं उंटअळीला खायला दिली. अळीने नेहमीपेक्षा जास्त पान खाल्लं. कारण सोपं आहे. अशा पानात साखर, स्टार्च वाढतं, पण नायट्रोजन त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे प्रथिनं कमी. मेसमधली डाळ पातळ झाली की आपण दोन वाट्या जास्त घेतो ना, अगदी तसं.

पण कुंडीतलं रोप म्हणजे जंगल नव्हे. म्हणून 1990 च्या दशकात उघड्या जंगलातच प्रयोग सुरू झाले. झाडांभोवती गोल पाइप उभे करायचे आणि वाऱ्याचा अंदाज घेत वायू सोडायचा. काच नाही, छप्पर नाही. किडे, पक्षी, पाऊस सगळं आपापलं येणार.

नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक जंगलात हे 1996 मध्ये सुरू झालं. तिथे निकाल उलटा लागला! जास्त कार्बन डायऑक्साइडच्या वर्तुळांत पानांचं नुकसान कमी दिसलं. निकस पानांवर अळ्या हळू वाढतात. जास्त दिवस अळी राहायचं म्हणजे पक्ष्यांच्या आणि परजीवी माश्यांच्या तावडीत सापडायची शक्यताही जास्त.

मग विस्कॉन्सिनमधलं ऱ्हाइनलँडर. 1998 पासून तिथे अॅस्पेन, बर्च आणि मेपल 560 पीपीएमच्या हवेत वाढवले गेले. संशोधकांनी खाल्लेली पानं तर मोजलीच, शिवाय खाली टोपल्या ठेवून अळ्यांची विष्ठाही गोळा केली. हो, पीएचडी अशीही होते! 2015 मध्ये निष्कर्ष छापून आला: इथे नुकसान वाढलं होतं. झाडांनी जादा वायूमुळे जी वाढ कमावली असती, तिचा काही हिस्सा किड्यांनी खाऊन टाकला.

मग खरं कोण? दोघंही. झाडं वेगळी, किडे वेगळे, त्यांचे शत्रू वेगळे. एका जंगलाचा आउटपुट दुसऱ्या जंगलात कॉपी-पेस्ट होत नाही.

एक साक्ष फार जुनी आहे. सुमारे 5.6 कोटी वर्षांपूर्वी हवेत कार्बन झपाट्याने वाढला आणि पृथ्वी तापली. एलेन कुरानो आणि सहकाऱ्यांनी वायोमिंगमधल्या त्या काळच्या जीवाश्म पानांवरची भोकं तपासली. 2008 मध्ये त्यांनी मांडलं, की त्या उष्ण काळात पानं जास्त कुरतडली गेली होती. अर्थात तेव्हा उष्णताही वाढली होती, त्यामुळे सगळा दोष एकट्या कार्बनवर टाकता येत नाही.

आता यात आपलं काय अडकलंय? आपण हिशेब मांडतो की जंगलं आपला धूर शोषून घेतील. त्या हिशेबात अळी धरलीच नाही, तर उत्तर चुकतं. कोडमध्ये आपण एखादी छोटी केस सोडून देतो आणि नेमकी तीच प्रॉडक्शनला रडवते, तसंच हे.

पुढच्या वेळी झाडाखाली उभे राहाल तेव्हा कुरतडलेलं एक पान उचलून बघा. भेटू पुढच्या भागात!