पियानो ब्लॅक आणि पिवळे फडके

माणसाने पांढरी गाडी घ्यावी, काळी घ्यावी, फार हौस असेल तर लाल घ्यावी. पण काळे चकचकीत खांब असलेली पांढरी गाडी घेण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विश्वासात घ्यावे, असे माझे आता अनुभवान्ती मत झाले आहे.

गेल्या दसऱ्याला आम्ही विरारच्या सोसायटीत अशी गाडी आणली. पुढच्या आणि मागच्या खिडकीमधला खांब काळाभोर, थेट आरसा. खिडक्यांची काच सलग दिसावी म्हणून तो काळा ठेवतात म्हणे. विक्रेता म्हणाला, “साहेब, याला पियानो ब्लॅक म्हणतात.” आमच्या सात पिढ्यांत कुणी पियानो पाहिलेला नाही, पेटीसुद्धा शेजारच्यांची, त्यामुळे मी खूश झालो. पंधरा दिवसांनी खांबावर सकाळचे ऊन पडले आणि पाहतो तर काय, कोळ्याने जाळे विणावे तसे चरेच चरे! आमच्या शेजारचा वसईचा किल्ला घ्यायला चिमाजी अप्पांच्या फौजेला १७३९ साली सुमारे तीन महिने वेढा घालावा लागला. माझा खांब पंधरा दिवसांत पडला, आणि शत्रू कोण तेही कळेना.

अशा प्रसंगी मराठी माणूस जे करतो तेच मी केले. इतिहासात शिरलो.

ही काळी झिलई मूळची पूर्वेकडची. जपानात उरुशीच्या झाडाचा चीक थरावर थर देऊन घोटतात, की लाकडाचा आरसा होतो. सतराव्या शतकात युरोपातल्या साहेबाला तिची भुरळ पडली. पण ते झाड काही त्याच्याकडे नव्हते. मग त्याने वार्निशांची खटपट करून नक्कल काढली आणि तिला नाव दिले ‘जॅपनिंग’. त्याच घराण्यातला काळा रंग पुढे फोर्डसाहेबांच्या मोटारीला लागला. अस्फाल्ट आणि जवसाचे तेल यांचा तो रंग भट्टीत भाजून पक्का करत. स्वस्त आणि टिकाऊ. १९०८ साली आलेली मॉडेल टी आधी इतर रंगांतही मिळे. १९१४ ते १९२५ मात्र गिऱ्हाइकाला फक्त काळी. पुढे मोटारींवर क्रोमचे राज्य आले. बंपर चकचकीत, कडा चकचकीत. पण क्रोमचा मुलामा देताना जे सहा-संयुजी क्रोमियम वापरतात, ते कामगारांच्या फुप्फुसांना कर्करोग देणारे. त्यावर निर्बंध आले, त्यातच फॅशनही फिरली आणि मिरवण्याचे काम काळ्या प्लॅस्टिककडे गेले.

आपल्याकडे काळ्या रंगाला प्रतिष्ठा दिली ती मुंबईच्या टॅक्सीने. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, पुढे तिचेच नाव पद्मिनी; अंग काळे, टप पिवळे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षे. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी नाही.

हा इतिहास इथे आमच्या घरात शिरतो. कारण आमच्या अण्णांनी तीस वर्षे पद्मिनीच चालवली. गिरगावातली खोली गेली, आम्ही विरारला आलो; टॅक्सी मात्र ग्रँट रोडला उभी असायची. म्हणजे टॅक्सीचा मालक पहाटेच्या विरार लोकलमध्ये लोंबकळत आपल्या टॅक्सीकडे जायचा.

तर शत्रूचा शोध. आधी वॉचमनवर संशय घेतला, मग पोरांवर, मग मांजरावर. शेवटी एके दिवशी साडेपाचला उठून जिन्याच्या जाळीतून पाहिले. खाली अण्णा! हातात पिवळे फडके. बाकीच्या पांढऱ्या गाडीला हातही लावत नव्हते. फक्त काळा खांब. गोल गोल, दाबून, मन लावून. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते.

आता शास्त्र असे की, हवेतल्या धुळीत बारीक वाळू असते आणि आमच्या हायवेची धूळ तर विचारूच नका. वाळूचा कण प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी कठीण. कोरडे फडके मारले की तो कण खांबावर नांगर धरतो. पांढऱ्या रंगावर चरा पडला तरी तो रंग मुळात सगळीकडे उजेड फेकतो, त्यात चरा हरवतो. काळ्या आरशावर मात्र एकेक चरा चमकतो. थोडक्यात, खांबाला चरे रस्त्याने पडत नाहीत, मायेने पडतात.

हे अण्णांना सांगणार कोण? बायको म्हणाली, “अहो, तुमचे वडील, तुम्हीच सांगा.” शेवटी चहाच्या वेळी सांगितले. अण्णा बराच वेळ बशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आमच्या गाडीला पण पडायचे. वर्षाला पासिंगच्या आधी रंग मारायचो, सगळे चरे रंगाखाली जायचे.” आणि थोड्या वेळाने, “तुझ्या गाडीत तेवढंच काळं आहे रे.”

मला पुढे बोलवेना.

पण उपाय करायला हवा होता. पहिला उपाय पाण्याचा. आधी पाणी मारून धूळ वाहून जाऊ द्यायची; मग साबणाचे पाणी, मऊ मायक्रोफायबर कापड, हात हलका, पुसणे सरळ रेषेत; कापड खळबळायला बादली वेगळी. दोन बादल्या म्हणताच बायकोने सोसायटीने टँकरवर काढलेल्या वर्षांची आठवण दिली. तह झाला तो असा: गाडी रविवारी धुवायची, रोज फक्त खांब, आणि तोही इस्त्रीच्या फवाऱ्याच्या बाटलीने भरपूर भिजवून. धुळीच्या गाडीवर कव्हर घालायचे नाही, तेही फडक्यासारखेच घासते. आणि फिरत्या ब्रशांच्या धुलाईला तर गाडी दाखवायचीही नाही.

दुसरा उपाय पारदर्शक फिल्मचा. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरची पाती वाळूने झिजू नयेत म्हणून अशी फिल्म वापरली. तीच जात आता खांबावर बसते. आधी पॉलिशने चरे काढायचे, मग फिल्म. नाहीतर चरेच जतन होतात. कारागीर पॉलिशचे यंत्र घेऊन आला तेव्हा अण्णा खुर्ची टाकून शेजारी बसले होते.

“आता पुसलं तर चालेल?” त्यांनी विचारले.

“पाणी मारून पुसा अण्णा,” मी म्हणालो. “आणि बारीक चरा पडलाच, तरी ऊन लागलं की ही फिल्म आपोआप भरून येते.”

अण्णांनी बाटली उचलली, खांबावर फवारा मारला, नवे कापड सरळ रेषेत फिरवले. मग खुर्चीवर बसत म्हणाले, “ऊन लागलं की भरून येते? मग त्याला सांग, थोडी उरली असेल तर माझ्या गुडघ्यांना पण लाव.”